पिकिंगसाठी स्कॅनर, आवाज की दिवे? मानकोलीच्या गोदामासाठी सल्ला हवाय

पार्टवाला

मंडळी, दुचाकींच्या स्पेअर पार्टचा आमचा घाऊक व्यापार. ऑफिस नौपाड्यात, गोदाम भिवंडीजवळ मानकोलीला. २२ हजार चौरस फुटांचा गाळा, खाली रॅक आणि वर मेझनीन, म्हणजे लोखंडी पोटमाळा. जवळपास ९,००० प्रकारचे पार्ट, ब्रेक शूपासून वॉशर-सर्क्लिपपर्यंत. रोज १६०-१७० बिलं निघतात, एका बिलात सरासरी नऊ ओळी (एक ओळ म्हणजे एका प्रकारचा पार्ट), म्हणजे दिवसाला १,५०० ओळींच्या आसपास. माल काढायला, म्हणजे पिकिंगला, ११ पोरं, तपासायला ३. सगळं कागदावर चालतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पिकलिस्टची (काढायच्या मालाच्या यादीची) प्रिंट, पेनाने टिक, टेबलावर चेकिंग, मग पॅकिंग आणि संध्याकाळी ट्रान्सपोर्टला.

चुका वाढल्यात. पार्टीचा फोन येतो, ‘शेठ, डावीकडचा मागितला होता, उजवीकडचा आलाय.’ परत येणाऱ्या मालाचं भाडं आपल्या माथी, वर क्रेडिट नोट, आणि तोवर त्याच्या मेकॅनिकने तोच पार्ट दुसरीकडून घेतलेला असतो.

चार कंपन्यांना बोलावलं. एक म्हणतो हँडहेल्ड स्कॅनर घ्या. दुसरा कानात हेडसेट घालून आवाजावर चालणारी पद्धत विकतोय. तिसऱ्याने रॅकवर दिवे लावायचा डेमो दाखवला, पोरं जाम खूश. चौथा रोबोट देतो म्हणाला, माणूस जागेवर उभा राहणार आणि रॅक चालत त्याच्याकडे येणार. वडिलांना दिवे आवडलेत. मला काही ठरवता येत नाहीये. कोणी यातलं काही प्रत्यक्ष वापरलंय का?

फुकटसल्ला

रोबोट घ्या. निदान छठपूजेला गावी तरी जाणार नाहीत.

रॅकमास्तर

पडघ्याकडे थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांचा माल सांभाळणारी, गोदामं चालवतो, त्या अनुभवावर लिहितोय.

आधी एक हिशेब. १,५०० ओळी, ११ माणसं, चहा-जेवण सोडून साडेसात तास. माणशी ताशी १८ ओळी पडतात. म्हणजे एका ओळीला तीन मिनिटं वीस सेकंद. डब्यातून पार्ट काढून क्रेटमध्ये टाकायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. बाकीची तीन मिनिटं पोरगा काय करतोय? चालतोय, जिना चढतोय, शोधतोय, मुकादमाला विचारतोय. या विषयाच्या पुस्तकांत पिकरचा साधारण निम्मा वेळ चालण्यात जातो असं धरतात, आणि गोदाम चालवायच्या खर्चातला निम्म्याहून थोडा जास्त भाग पिकिंगचा. तुमचं प्रकरण निम्म्याच्या बरंच पुढे गेलेलं दिसतंय.

स्कॅनर आला, हेडसेट आला, दिवे आले तरी पाय तेवढेच चालणार. पोरगा जिथे जायचाय तिथे जाणारच, फक्त पोचल्यावर चूक कमी करेल. चालणं कमी होतं ते माल कुठे ठेवला आणि एका फेरीत किती बिलं घेतली यावर. रोबोट तेवढे अपवाद, ते चालणंच काढून टाकतात, म्हणून महाग. अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये किवा ही रॅक हलवणारे रोबोट बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली ती याचसाठी. आपल्याकडेही गुरुग्राममध्ये सुरू झालेली ग्रेऑरेंज आहे, नोएडाची अ‍ॅडव्हर्ब आहे, यंत्रं चांगली आहेत. पण त्याला सपाट, एकसंध लादी लागते, दोन-तीन पाळ्यांत राबवावं लागतं, आणि गाळा स्वतःचा किंवा करार लांब पल्ल्याचा लागतो. एका पाळीत १,५०० ओळींसाठी तो विषय बंद करा.

चार गोष्टी सांगा. माल कसा लावलाय? पिकलिस्ट कोणत्या क्रमाने छापून येते? एका फेरीत पोरगा किती बिलं घेतो? आणि गेल्या तीन महिन्यांच्या क्रेडिट नोटा कारणानुसार वेगळ्या करता येतील का?

पार्टवाला

रॅकमास्तर, १८ चा आकडा मी कधी काढलाच नव्हता. वडिलांना सांगितला तर म्हणाले, ‘पोरं दिवसभर पळतात रे.’ तेच तर.

माल आधी कंपनीनुसार, मग मॉडेलनुसार. पिकलिस्ट टॅलीतल्या आयटमच्या नावाच्या क्रमाने येते. एका फेरीत एकच बिल. क्रेडिट नोटांचं अकाउंटंटला सांगतो.

रॅकमास्तर

म्हणजे इंग्रजी नावाप्रमाणे एअर फिल्टर पहिला, तो मेझनीनवर. मग बेअरिंग, ते खाली. मग ब्रेक केबल, पुन्हा वर. तुम्ही पोरांना पगार देऊन जिना चढवताय.

हे एक रुपया न खर्चता सुटतं. प्रत्येक जागेला नंबर द्या, गल्ली-रॅक-खण-डबा असा. आयटमसमोर तो नंबर भरा आणि यादी छापण्यापूर्वी नंबराच्या क्रमाने लावा. टॅलीत जमत नसेल तर एक्सेलमध्ये काढून लावा. गल्लीत एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, असा क्रम ठेवा. हे झाल्याशिवाय एकाही कंपनीवाल्याला पुन्हा चहा पाजू नका.

घणसोलीची_मीना

मी वेअरहाऊस सॉफ्टवेअर बसवते, महापे, पावणे, भिवंडी सगळीकडे. रॅकमास्तरांशी सहमत, पण तंत्रज्ञान नंतर बघू असंही नको. लोकेशन नंबर द्यायचेच आहेत तर आत्ताच बारकोडसकट द्या, दुसऱ्यांदा शिडीवर चढायला नको. रॅकवरचं लेबल रिबनवालं, म्हणजे शाईच्या रिबनने उमटणारं, छापा. साधं थर्मल लेबल, कुरिअरच्या पावतीसारखं, पत्र्याखालच्या उकाड्यात आणि घासून घासून विटतं. दुसरा मे येईपर्यंत स्कॅनर त्याला ओळख देत नाही. वरच्या खणांसाठी लांबून वाचता येणारी परावर्तक लेबलं मिळतात, तीही बघा.

पद्धतींमधला फरक मी असा सांगते. स्कॅनर आणि आवाज यांचा खर्च माणसामागे वाढतो. ११ पोरं तर ११ यंत्रं, एक-दोन राखीव. दिव्यांचा खर्च जागेमागे वाढतो. ९,००० जागांना ९,००० दिवे लागतील, मग त्यातले आठ हजार महिन्यातून एकदा पेटतील. थोड्या जागेत खूप ओळी निघतात तिथेच दिवे वसूल होतात. डेमोत हे कळत नाही, कारण डेमोला वीस खणांचं एकच कपाट असतं आणि ते सतत लुकलुकत असतं. पोरं खूश होणारच.

दिव्यांची एक बाजू मात्र खरी आहे. नवा माणूस दहा मिनिटांत शिकतो. दिवा पेटला, आकडा दिसला, तेवढे नग काढले, बटण दाबलं. वाचता येवो न येवो. दिवाळीच्या तोंडावर निम्मी पोरं गावी आणि कंत्राटदाराने आणलेली नवीन, असं जिथे होतं तिथे हा मोठा फायदा.

तळोजा_उणे१८

आवाजाबद्दल मी सांगू शकतो. तळोज्याला आमचं कोल्ड स्टोअर आहे, उणे १८ वर. जाड हातमोजे, टचस्क्रीन चालत नाही, आतबाहेर केलं की काचेवर धुकं, बॅटरी बाहेरच्यापेक्षा लवकर उतरते. तिथे आवाजाला तोड नाही. हात मोकळे, डोळे मोकळे, पोरगा दोन्ही हातांनी खोका उचलतो.

काम असं चालतं. कानात ऐकू येतं, अमुक गल्ली, अमुक खण. तिथे रॅकवर दोन आकडे लिहिलेले असतात, ते पोरगा बोलून दाखवतो. बरोबर असतील तर कानात नगांची संख्या येते, तो उचलून संख्या परत बोलतो. ही पद्धत नवी नाही. पिट्सबर्गच्या वोकोलेक्टने ती रुजवली, २०११ मध्ये ती इंटरमेककडे गेली आणि २०१३ मध्ये इंटरमेकसकट हनीवेलकडे.

आता अडचणी, ज्या विकणारा सांगणार नाही. एक म्हणजे ते दोन आकडे. रोजच्या जागांचे आकडे पोरांना पाठ होतात. मग न बघताच, चालता चालता बोलून मोकळे होतात, आणि शेजारच्या खणातला खोका उचलतात. म्हणून आकडे अधूनमधून बदलावे लागतात. दुसरं, आकडे एकेक करून बोलायची सवय लावावी लागते. आमच्याकडे सिस्टीम हिंदीत आहे. उनसठ, उनहत्तर, उन्यासी यात माणूसच गोंधळतो तर यंत्राचं काय. ‘पाच नऊ’ म्हणायचं, विषय संपला. तिसरं, आमच्या सिस्टीमला प्रत्येक माणसाचा आवाज आधी ओळखवून द्यावा लागतो, अर्धा तास जातो. कायमचे कामगार असतील तर ठीक. दर महिन्याला नवे चेहरे असतील तर तो अर्धा तास पुन्हा पुन्हा.

आणि पार्टवाले, तुमचा गाळा पत्र्याचा आहे ना? जुलैमध्ये पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माइक पंख्याचा एकसुरी आवाज गाळतो, ते जमतं. पण आमच्या कोरड्या मालाच्या शेडमध्ये पोरांनाच कानातलं ऐकू येईना, आवाज पूर्ण वाढवून कान दुखायला लागले. शेवटी तिथे स्कॅनरच ठेवले. कोल्ड रूमला जाड पॅनेल असतात, आत पावसाचा पत्ता लागत नाही.

सुट्या पार्टना आवाज नको असं माझं मत. आवाज जागा तपासतो, वस्तू तपासत नाही. त्या खणात कोणी चुकीचा पार्ट ठेवला असेल तर कानातली बाई खुशाल ‘बरोबर’ म्हणते.

फुकटसल्ला

घरचीच आठवण आली.

घणसोलीची_मीना

@फुकटसल्ला, तुमच्या घरची बाई खुशाल ‘बरोबर’ म्हणते? नशीबवान आहात.

जुना_ठाणेकर

अवांतर: मुळात ही सगळी गोदामं मानकोली-पूर्णा-दापोड्याला का गेली हे नव्या पोरांना माहीत नसतं. मुंबईत माल शिरला की जकात. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा, लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गाळे तिथेच राहिले आणि वाढलेच. आमच्या वेळी काल्हेरला भातशेती होती. चालू द्या.

औषधवाला

आमचा औषधांचा ठोक व्यापार, गोदाम रबाळ्याला. आमच्याकडे स्कॅनरला पर्यायच नव्हता, कारण नुसतं औषध बरोबर असून भागत नाही. बॅच नंबर बिलावर यावा लागतो आणि जी बॅच आधी एक्स्पायर होणार ती आधी जायला हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून ठराविक ३०० ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड छापणं कंपन्यांना बंधनकारक झालंय, त्यात बॅच आणि एक्स्पायरी वाचता येते. म्हणून साधा लाल रेघेचा लेझर स्कॅनर घेऊ नका, चौकोनी कोड वाचणारा इमेजर घ्या. फरक थोड्या पैशांचा असतो.

पण मला लिहायचंय ते वेगळं. स्कॅनरपेक्षा आमचं काम हलकं केलं ते सॉर्टिंगच्या कपाटाने. २४ खणांचं उघडं कपाट, प्रत्येक खण म्हणजे एक दुकान. पोरगा २४ बिलांचा माल एकाच फेरीत ट्रॉलीत गोळा करतो. डोलो ही तापाची गोळी असेल तर २४ दुकानांचा डोलो एकदाच. मग कपाटापाशी उभा असलेला माणूस एकेक वस्तू स्कॅन करतो आणि कोणत्या खणात किती टाकायचे ते समोर दिसतं. मोठ्या गोदामांत त्या खणाचा दिवा पेटतो. आम्ही सुरुवातीला दिवे लावलेच नाहीत, जुना टीव्ही लावला, त्यावर खणाचा नंबर वीतभर अक्षरात. अजून तोच आहे. पार्टवाल्यांच्या वडिलांना दिवे हवेच असतील तर ते २४ खणांना लावा, ९,००० ना नाही.

रॅकमास्तर

+१. आणि यात चालणंही वाचतं. २४ बिलांच्या २४ फेऱ्यांऐवजी एक. पार्टवाले, नऊ ओळींच्या छोट्या बिलांना ही पद्धत अगदी लागू. ऐंशी ओळींचं मोठं बिल आलं तर ते मात्र वेगळं, एकट्याने काढायचं, नाहीतर कपाटाचा एकच खण ओसंडून वाहतो.

कोपरखैरणेकर

वडील एपीएमसीत माथाडी होते, आमच्या कॉलनीत बरीच घरं त्यांचीच. म्हणून दुसरी बाजू.

गाडी भरणं-उतरवणं करणारी टोळी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिची मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मालकाने भरायची टक्केवारी) माथाडी मंडळामार्फत जाते. उद्या तुम्ही पॅकिंगपासून गाडीपर्यंत कन्व्हेअर टाकायला निघालात तर आधी टोळीच्या मुकादमाशी बोला. नंतर बोलायला गेलात तर गाडी उभी राहील आणि तुम्हीही.

दुसरं पिकिंगच्या पोरांचं. स्कॅनर आला की कोण मिनिटाला किती करतोय ते ऑफिसात दिसायला लागतं. माझा भाचा अशाच एका गोदामात होता. रोज संध्याकाळी भिंतीवर यादी, शेवटच्या तिघांची नावं लाल रंगात. पोरांनी काय केलं? जवळचे, सोपे पार्ट आधी उरकायचे, अडनिडे डबे दुसऱ्यावर ढकलायचे. आकडा वाढला, काम अडलं, आणि दोन चांगली पोरं सोडून गेली. बक्षीस द्यायचं असेल तर न चुकलेल्या ओळींवर द्या आणि अख्ख्या पाळीला मिळून द्या.

पार्टवाला

कोपरखैरणेकर, हे आम्हाला कोणी सांगितलं नसतं. आमची उतरवणारी टोळी नोंदलेलीच आहे, कन्व्हेअरचा विचार नाही.

क्रेडिट नोटा आल्या. तीन महिन्यांत चुकीमुळे निघालेल्या २१२. त्यात संख्या कमी-जास्त ९७, चुकीचं मॉडेल किंवा डावा-उजवा ६१, एका पार्टीचा माल दुसऱ्याच्या खोक्यात ३८, बाकी किरकोळ १६.

मला वाटत होतं डावा-उजवाच सगळ्यात जास्त असणार, कारण फोनवर तेच ऐकू येतं. संख्येबद्दल पार्टी फोन करत नाही, सरळ बिलातून कापून घेते.

रॅकमास्तर

ही यादी चारही विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा मोलाची आहे.

६१ वर स्कॅनर इलाज. ३८ वर कपाट आणि खोक्याचं लेबल स्कॅन करणं. पण ९७ बघा. स्कॅनर वस्तू ओळखतो, मोजत नाही. दहाच्या पाकिटाला एक नग समजून पोरगा दहा पाकिटं टाकतो आणि स्कॅनर ‘टीं’ करून पुढे जातो. या संख्येच्या चुका कुठल्या मालात आहेत?

पार्टवाला

बघितलं. वॉशर, ओ-रिंग, सर्क्लिप, वॉल्व्ह सील, बल्ब. म्हणजे पाकिटातला बारीक माल. काही कंपन्या १० च्या पाकिटात देतात, काही २५ च्या, आणि एकाच कंपनीने मध्येच पाकीट बदललंय. टॅलीत युनिट ‘नग’. पार्टी ‘५०’ म्हणते तेव्हा पोराला पाच पाकिटं की दोन हे स्वतःच ठरवावं लागतं.

घणसोलीची_मीना

मग ही चूक पिकिंगची कमी आणि मास्टर डेटाची, म्हणजे आयटमच्या मूळ नोंदींची, जास्त. प्रत्येक आयटमला पाकिटातली संख्या भरा, आणि यादीवर ‘५०’ ऐवजी ‘२५ ची २ पाकिटं’ असं छापून येऊ द्या. पाकीट बदललं की इनवर्डच्या, म्हणजे आलेला माल नोंदवून घेणाऱ्या, माणसाने नवं युनिट केल्याशिवाय माल रॅकवर जायचा नाही. सुटा माल द्यावाच लागत असेल तर नग मोजणारा वजनकाटा कपाटापाशी ठेवा, दहा वॉशरचं वजन दाखवून द्यायचं, पुढचे तो मोजतो. एका वेळी एकच पार्ट त्यावर. अख्खं खोकं वजन करून ताळा घ्यायच्या भानगडीत पडू नका, खोक्याच्या पुठ्ठ्याचं वजन पावसाळ्यात ओल धरून बदलतं, दोन सर्क्लिप त्यात कुठे दिसणार.

आता बारकोडचं विचारते. तुमच्या किती पार्टवर वाचता येणारा कोड आहे? आणि एकाच पार्टच्या जुन्या-नव्या एमआरपीचा माल एकाच डब्यात आहे का?

पार्टवाला

मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर कोड आहे. लोकल माल, साधारण एक तृतीयांश, त्यावर काही नाही. आणि हो, एमआरपी मिक्स आहे. बिल नव्या भावाचं, पाकीट जुन्या भावाचं, यावरूनही भांडणं होतात. ‘किरकोळ’ म्हटलेल्या १६ मध्ये बरीचशी तीच निघतील.

घणसोलीची_मीना

मग दोन एमआरपींना दोन जागा. एका डब्यात दोन भाव असतील तर कुठलाही स्कॅनर तुम्हाला वाचवणार नाही.

कोड नसलेल्या मालाला माल उतरतानाच स्वतःचं लेबल. प्रत्येक नगाला नको, विकायच्या पाकिटाला. यासाठी इनवर्डला एक माणूस आणि एक प्रिंटर जास्त लागेल, तो खर्च कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. लेबल न लावता नुसता डब्याचा कोड स्कॅन करता येतो, स्वस्त पडतं, पण मग तळोजावाल्यांनी आवाजाबद्दल जे लिहिलं तेच होतं. जागा बरोबर, वस्तू चुकीची. डावा-उजवा तसाच राहील.

वायफाय. लोखंडी रॅक, पत्र्याचं छत, वर मेझनीनची चेकर्ड प्लेट. वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट खाली पोचणार नाही हे धरून चाला. तपासणी गाळा मालाने भरलेला असताना करून घ्या. रिकाम्या गाळ्यात नेट सगळीकडे धावतं, आणि ऑइलचे कॅन लागले की त्या गल्लीत मरतं. नेट गेलं तर स्कॅनर हातातली यादी पूर्ण करू देतो की तिथेच फिरत बसतो, हे कंपनीवाल्याला समोर बसवून करून दाखवायला सांगा.

नवशिक्या_वाशी

आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणारे टॅग, का नको? सगळं एका झटक्यात मोजून होईल ना?

रॅकमास्तर

कपड्यांत उत्तम चालतं. इथे माल लोखंडाचा आणि ऑइलचा. आपल्याकडे त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा मोकळा आहे, पण त्या लहरी धातूवरून परततात आणि द्रवात विरतात. धातूवर चालणारे टॅग मिळतात, ते तुमच्या वॉशरच्या पाकिटापेक्षा महाग.

तळोजा_उणे१८

साधे मोबाइल आणि कॅमेऱ्याने स्कॅन, असं सुचवणारे येतील. छोट्या दुकानाला ठीक. दिवसभराच्या कामाला कॅमेरा फोकस घेईपर्यंत पोरगा वैतागतो, आणि पोटमाळ्यावरून एकदा पडला की संपला. हँडहेल्डला बॅटरी बदलता येणारी हवी.

पार्टवाला

टॅलीतून ओळी काढून पाहिल्या. ८७० पार्टांवर एकूण ओळींपैकी ६४ टक्के निघतात. त्यातले निम्म्याहून जास्त मेझनीनवर आहेत, का तर ती कंपनी पहिल्यापासून वर आहे. खाली पॅकिंग टेबलाच्या शेजारच्या दोन गल्ल्या हळू चालणाऱ्या बॉडी पार्टनी अडवल्यात. मडगार्ड, साइड पॅनेल.

ठरलेलं असं. या ८७० ना खाली आणायचं, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत. बॉडी पार्ट वर. हलवाहलव गणपतीच्या सुट्टीत, तेव्हा पार्ट्यांचं कामही मंद असतं. तोपर्यंत पाकिटांची संख्या आणि लोकेशन भरून घेतो. यादी त्या क्रमाने, एका फेरीत बारा बिलं, बारा खणांचं कपाट सुताराला सांगितलंय. स्कॅनर आधी सहाच, तेही भाड्याने मिळतायत. दिव्यांवर वडिलांशी तडजोड झाली, कपाटाला बारा दिवे.

रॅकमास्तर, करारात काय लिहून घेऊ?

रॅकमास्तर

बारानेच सुरुवात करा, चोवीस खणांत पहिल्याच आठवड्यात पोरं गोंधळतात.

करारात हे घाला. चाचणी तुमच्या मालावर, तुमच्या सगळ्यात खराब लेबलांवर, तुमच्या गाळ्यात. पैशांचा शेवटचा हप्ता दिवाळीची गर्दी पार पडल्यावर. टॅलीशी जोडणी कोण करणार आणि टॅलीची आवृत्ती बदलली तर कोण दुरुस्त करणार. सगळा डेटा तुम्हाला हवा तेव्हा एक्सेलमध्ये काढता यायला हवा, सॉफ्टवेअर सोडलंत तरी. स्कॅनर बिघडला तर बदली नग किती तासांत, आणि तो ठाण्यातून येणार की बंगलोरहून.

आणि आजपासून क्रेडिट नोटेवर कारणाचा रकाना सक्तीचा करा. नाहीतर नंतर काय सुधारलं ते कळणार कसं?

जुना_ठाणेकर

गणपतीत कोकणातली पोरं गावी जातात, हलवाहलवीला माणसं आहेत का?

पार्टवाला

काका, आमची बहुतेक पोरं जौनपूर आणि दरभंग्याची. ती छठला जातात. गणपतीत सगळी हजर.

मीनाताई, लेबल प्रिंटर तीन इंची घेऊ की चार इंची? पार्टची लेबलं छोटी आहेत, पण खोक्यावर पार्टीचं नाव, ट्रान्सपोर्ट आणि ‘३ पैकी १’ मोठं हवंय.

घणसोलीची_मीना

चार इंची, रिबनवाला, त्यातच छोटी लेबलं दोन-दोनच्या रांगेत निघतात. एक इनवर्डला, एक पॅकिंगला. एकाच प्रिंटरवर दोन्ही कामं केलीत तर दिवसभर रोल बदलत बसाल. कपाटाचं माप टाका इथे, खण किती खोल ठेवताय ते बघते. मडगार्ड त्यात घालू नका म्हणजे झालं.